लख्ख उजेडात तीनाचा आठ

औषधांच्या त्या कारखान्यात तिचं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी दरवाज्यावरच्या रखवालदारापासून वरच्या मजल्यावरच्या मंडळींपर्यंत सगळे तिला भिंगबाई म्हणत, आणि तीही त्या हाकेला खुशीने ओ देई. काम गोळ्यांच्या पट्ट्या तपासण्याचं. चंदेरी पट्टीच्या कडेला यंत्र शाई न लावता नुसता दाब देऊन दोन ओळी उठवतं. एक बॅचचा नंबर, दुसरी औषधाची मुदत. चांदीवर चांदीचेच आकडे. सरळ समोर धरले तर दिसत नाहीत. पट्टी जरा तिरकी केली, उजेड बाजूने पडला, की प्रत्येक आकड्याला बारीक सावली फुटते आणि तो उठून दिसतो. भिंगबाई सव्वीस वर्षं या सावल्या वाचत आली होती.

तिची जुनी तपासणी खोली पाहून कोणालाही वाटलं असतं की इथे बटाटे साठवत असावेत. एकच खिडकी, तीही अशा बाजूची की ऊन कधी आत येत नसे. रंग उडालेली लाकडी टेबलं, त्यांवर मळखाऊ हिरवं कापड, आणि प्रत्येकीला मान वाकवता येणारा एकेक दिवा. भिंगबाई आपला दिवा टेबलाच्या कडेला अगदी खाली बसवायची. पट्टी उचलली, मनगट फिरवलं, ठेवली. उचलली, फिरवलं, ठेवली. असंच मनगट फिरवताना तिने एकदा तेरावा महिना पकडला होता. यंत्रवाल्याने बाराच्या जागी तेरा बसवला होता, आणि हजारभर पट्ट्या त्या महिन्याची वाट बघत दुकानात पडून राहणार होत्या.

डोळ्यांचा तिला गर्व होता आणि तो ती झाकूनही ठेवत नसे. खोलीतल्या दुसऱ्या दोघी तपासनीस वयाने तिच्या निम्म्या. त्यांना ती म्हणायची, "तुमचे डोळे मोबाईलने खाल्ले. माझ्याकडे अजून शिल्लक आहेत."

मग नवे साहेब आले. पहिल्याच बैठकीत त्यांनी 'लख्ख' हा शब्द अकरा वेळा उच्चारला. मोजणारी अर्थात भिंगबाईच. कारखाना लख्ख हवा, काम लख्ख हवं, माणसं लख्ख हवीत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचं लख्खसाहेब हे नाव पक्कं झालं होतं.

लख्खसाहेब तपासणी खोलीत पाऊल ठेवताच दचकले. "ही खोली आहे की तळघर?" त्यांनी खिशातून उजेड मोजायचं एक छोटं यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि मयताची बातमी सांगावी तसा आकडा सांगितला. अडीचशे. पर्यवेक्षक शेजारी उभे होते. त्यांचा मान डोलावण्याचा अनुभव दांडगा होता, त्यांनी ती दुःखाने डोलावली.

तीन आठवड्यांत खोलीचा कायापालट झाला. छतावर दोन डझन चौकोनी पांढरे दिवे आले. जमिनीला आणि भिंतींना तोंड दिसेल अशा पांढऱ्या फरशा बसल्या. लाकडी टेबलं भंगारात गेली, स्टीलची आली. खिडकीची भिंत पाडून तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच लागली, म्हणजे पाहुण्यांना बाहेरूनच कळावं की आत किती स्वच्छता आहे. सगळ्यांना कडक पांढरे कोट मिळाले. उद्घाटनाला साहेबांनी पुन्हा यंत्र टेबलावर ठेवलं.

"हजार," ते म्हणाले. "अडीचशेचे हजार. चौपट उजेड, म्हणजे चूक चौपट लवकर सापडणार."

हिशोब इतका सरळ होता की हरकत घ्यायची म्हणजे पाढेच खोटे ठरवायचे. टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी डोळे बारीक केले होते. साहेबांना ते हसू वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगबाईने पहिली पट्टी उचलली, मनगट फिरवलं, आणि तिला पट्टीत एक झगझगीत चौकोन दिसला. छतावरचा दिवा. तिने पट्टी दुसरीकडे वळवली, तिथे दुसरा दिवा. तिसरीकडे वळवली तर तिचं स्वतःचं तोंड, तेही पांढरंफटक. चारही बाजूंनी इतका उजेड होता की आकड्यांच्या सावल्या पुसल्या गेल्या होत्या. सावली गेली की आकडाही गेला. वरून दिवा, खालून स्टीलमधला दिवा, समोर फरशीतला दिवा. नजर टेकवायला त्या खोलीत काळसर अशी जागा उरली नव्हती.

आठवडाभरात तिघींची मान एका बाजूला वाकडी झाली. टोप्या भुवयांपर्यंत खाली आल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या डोळे चोळत बाहेर पडायच्या, जणू आत कोणी पोतंभर कांदे चिरत होतं. त्या दोघींपैकी एकीने धीर करून पर्यवेक्षकांना सांगितलं की डोकं ठणकतं. पर्यवेक्षकांनी वर सांगितलं. वरून उत्तर आलं की सवय होईल.

भिंगबाई मात्र गप्प राहिली. दिसत नाही असं सव्वीस वर्षांत तिने कधी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं तर खोलीला कोणी दोष देणार नाही, तिच्या वयाला देतील, हे तिला पुरतं ठाऊक होतं. ती पट्टी डोळ्यांजवळ नेई, लांब नेई, अंगठ्याच्या नखाने आकडे चाचपून बघे. संध्याकाळपर्यंत तिच्या भुवयांवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं वाटे.

तिचा नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. दिवसभर घरात बसून कोणाची ना कोणाची तपासणी करायची त्याला सवय लागली होती.

"डोळे का लाल?" त्याने विचारलं.

"धूळ गेली."

"त्या खोलीत धूळ? परवा तर म्हणालीस, तिथे माशीसुद्धा घसरून पडते."

"मग साबण गेला असेल. तुम्ही चहा ठेवा."

त्याने चहा ठेवला. खिडकीचा पडदाही निम्मा ओढला आणि त्याबद्दल बोलला नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे ब्रेक दाबायचा हे त्याला कळलं होतं.

दीड महिन्याने व्हायचं ते झालं. यंत्रावर मुदतीच्या वर्षाचा शेवटचा आकडा तीन हवा होता, तिथे आठ बसला होता. भिंगबाईने ती सबंध बॅच हाताखालून घातली आणि खाली सही केली. एका दुकानदाराच्या लक्षात आलं की आपल्याकडच्या औषधाला पाच वर्षांचं आयुष्य फुकटात मिळालंय. त्याने फोन केला. गोळ्या कोणाच्या पोटात जायच्या आत चाळीस खोकी परत आली, एवढं नशीब.

चौकशी बसली. साहेबांनी परत आलेली पट्टी दोन बोटांत धरली होती, स्वतःच्या खोलीत, खिडकीशी. तिथे आठ स्वच्छ दिसत होता.

"हा आकडा काय आहे?"

भिंगबाईने पाहिलं. "आठ."

"आत्ता दिसला?"

"आत्ता दिसतोय."

"मग तेव्हा का नाही दिसला? चौपट उजेड दिलाय मी तुम्हाला."

"उजेडच दिसतो, साहेब," ती म्हणाली. "आकडा नाही दिसत."

साहेबांना हे उर्मट वाटलं. त्यांनी तिला कारखान्याच्या ठरलेल्या दवाखान्यात डोळे तपासायला धाडलं. तिथे अंधाऱ्या खोलीत तिला खुर्चीवर बसवून समोरच्या फळीवरची काळीकुळकुळीत अक्षरं वाचायला लावली. भिंगबाईने शेवटची ओळ वाचली आणि खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचून दाखवलं. दाखला मिळाला, चष्म्यासह दृष्टी उत्तम. तो दाखला ती मिरवत घेऊन आली आणि त्याच दाखल्याने तिचा घात केला. डोळे चांगले, उजेड चांगला, म्हणजे बाई वाईट. तिसरं काही असू शकतं हे साहेबांच्या पाढ्यात बसत नव्हतं. कामात हलगर्जीपणा केल्याबद्दल ताकीदपत्र तिच्या हातात पडलं.

घरी तिने ते नवऱ्यापुढे टाकलं. त्याने दोनदा वाचलं.

"तुझ्या साहेबाने कधी गाडी चालवली आहे का?"

"त्यांना ड्रायव्हर आहे."

"मग त्या ड्रायव्हरला विचारायचं होतं. समोरून कोणी मोठा दिवा लावून आला की काय होतं? दिवा वाढतो, रस्ता नाही वाढत. उलट असतो तोही जातो." त्याने कागदाची घडी घातली. "उद्या माझ्याबरोबर चल. आमच्या डेपोत ड्रायव्हर लोकांचे डोळे बघायला एक डॉक्टरबाई यायच्या. म्हाताऱ्या झाल्यात, पण डोकं शाबूत आहे."

डॉक्टरबाईंनी भिंगबाईला आधी काळी अक्षरं वाचायला दिली, मग करड्या कागदावरची फिकट अक्षरं. ती तिने जरा थांबत थांबत वाचली. मग बाईंनी तिच्या बाजूला, नजरेच्या थोडा वर, एक उघडा दिवा लावला. "आता वाचा."

फिकट अक्षरं नाहीशी झाली होती. कोणीतरी कागदावर दूध सांडल्यासारखी.

"दिवा बंद करा," भिंगबाई म्हणाली.

बाईंनी बंद केला. अक्षरं परत आली. मग त्यांनी नवऱ्यालाही त्याच खुर्चीवर बसवलं. त्याच्याही तीन ओळी गेल्या. "माझ्याही जातात," बाई म्हणाल्या. "विशीतल्या पोरीच्या एखादी जाईल. डोळ्याच्या आत एक भिंग असतं. वय होईल तसं ते धुरकट होतं. जोराचा उजेड डोळ्यात शिरला की त्या धुक्यात पसरतो, आणि जे बघायचंय त्यावर पातळ पडदा टाकतो. अंधारात बसवून ठळक अक्षरं वाचायला दिली तर हा पडदा सापडणार कसा? तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. आत्ता ऑपरेशनची घाई नाही. उजेड कमी करा असंही मी म्हणत नाही. कामावर पडू द्या, डोळ्यात पडू देऊ नका, एवढंच."

हे सगळं त्यांनी चिठ्ठीत लिहून दिलं. घरी आल्यावर चपला काढता काढता भिंगबाईने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं होतं? तुमच्या डोळ्यांचं."

"पंचावन्नाव्या वर्षी मी लांबच्या गाड्या सोडल्या, ते पाठदुखीने, असं तू अजून समजतेस?"

"मी तेव्हा दोन वर्षं तुमच्या पाठीला तेल चोळलं."

"हो," तो म्हणाला. "बरं वाटायचं."

चिठ्ठी साहेबांकडे गेली. ती दोन पानी होती, आणि साहेबांनी तिच्यातला एकच शब्द वाचला, मोतीबिंदू. खोलीबद्दल, दिव्यांबद्दल, चकचकीत टेबलांबद्दल जे लिहिलं होतं, ते बहुधा फिकट अक्षरात असावं. साहेबांना अतिशय सहानुभूती वाटली. त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून भिंगबाईची बदली खोकी दुमडण्याच्या विभागात केली. एक तारखेला आठ दिवस होते.

त्या दिवशी ती पहिल्यांदा चिडली. आतापर्यंत तिला शरम वाटत होती. आता कळलं होतं की पट्टी तिला दिसत नाही ती का दिसत नाही, आणि हे कळल्यावर शरमेला तिथे काही कामच उरलं नाही. तिने गोदामातून एक मोठं खोकं उचललं. पुढची बाजू कापली, आतून काळा कागद चिकटवला, तळाला भंगारातून आणलेलं जुनं हिरवं कापड अंथरलं. भंगारातच तिचा मान वाकवायचा दिवाही पडला होता. तो तिने खोक्याच्या एका कडेला खाली बसवला आणि त्यात डोकं घालून कामाला लागली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की एक बाई कोंबड्यांच्या खुराड्यात अंडी शोधते आहे. सगळे हसले. मग त्या दोघी तपासनीस एकेक करून आत डोकावून गेल्या, आणि दुपारपर्यंत खोलीत तीन खुराडी झाली.

पर्यवेक्षक घाबरले. "हे साहेबांनी पाहिलं तर?"

"तर आधी तुम्ही बघा," भिंगबाई म्हणाली. "पाचशे पट्ट्यांत वीस चुकीच्या मिसळा. आम्हाला कळू न देता. एकदा दिव्यांखाली तपासतो, एकदा खुराड्यात."

पर्यवेक्षक माणूस भित्रा होता, पण बारकाईचा. त्यांनी तसं केलं. छताच्या दिव्यांखाली त्या दोघींना तेरा आणि बारा चुका सापडल्या, भिंगबाईला नऊ. तिने तो नऊ निमूट ऐकला. मग पट्ट्या पुन्हा मिसळल्या, आणि खुराड्यात दोघींना एकोणीस आणि अठरा, भिंगबाईला एकोणीस.

"विसावी?" तिने विचारलं.

"कुठेतरी असेल."

"या पाचशेत नाही. मोजा."

मोजल्या तर चारशे नव्याण्णव भरल्या. विसावी पट्टी पर्यवेक्षकांच्या कोटाच्या खिशात निघाली. निकाल त्यांनी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून काढला, खाली तारीख घातली, आणि साहेबांना दाखवायचं धैर्य न झाल्याने तो कागदही त्याच खिशात ठेवला.

एक तारखेच्या आदल्या दिवशी पाहुणे येणार होते. परदेशासाठी माल घेणाऱ्या एका कंपनीचे परीक्षक, कारखाना पसंत पडला तर मोठी मागणी नोंदवणार होते. लख्खसाहेब सकाळीच फेरी मारायला आले आणि खुराडी पाहून त्यांचा चेहरा पडला. "हा काय बाजार मांडलाय? काढा हे." खुराडी गेली. दिवे पुसले गेले. फरशा पुन्हा एकदा घासल्या गेल्या, होत्या त्याहून चकचकीत झाल्या.

परीक्षक उंच, लांब पायांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. खोलीत शिरताच त्यांनी कपाळावर हात धरला. साहेबांनी यंत्र टेबलावर ठेवून हजाराचा आकडा दाखवला. परीक्षकांनी तो वाचायला यंत्र उचलून हाताची सावली केली. मग त्यांनी पट्ट्यांच्या यंत्रावरून नुकतीच आलेली एक पट्टी भिंगबाईसमोर धरली. "याच्यावरची मुदत वाचून सांगाल?"

भिंगबाईने पट्टी घेतली. मनगट फिरवलं. पट्टीत दिवा, दिवा, साहेबांचा टाय, दिवा. मग तिने कोटाची टोकं गोळा केली, खाली बसली आणि टेबलाखाली गेली.

साहेबांना वाटलं, बाईला चक्कर आली.

"पाणी आणा," ते म्हणाले.

"पाणी नको," टेबलाखालून आवाज आला. तिथे बरीच सावली होती आणि काचेच्या भिंतीकडून उजेडाची तिरीप आडवी येत होती. "मुदत अकरावा महिना. बॅच नंबर सांगू का?" आणि तिने तो सांगितला.

परीक्षकांनी कागदाशी ताडून पाहिलं. बरोबर होता. "तुम्ही टेबलाखाली का गेलात?"

"वर दिसत नाही म्हणून."

परीक्षक लांब पाय दुमडून स्वतः टेबलाखाली शिरले. थोडा वेळ दोघंही तिथेच होते. वर उभ्या असलेल्या मंडळींना टेबलाखालून फक्त बोलणं ऐकू येत होतं, तिरकं धरा, अजून थोडं, आता दिसलं का, हो दिसलं. मग परीक्षकांनी डोकं बाहेर काढून साहेबांना म्हटलं, "तुम्हीही बघा ना." नाही म्हणायची सोय नव्हती. लख्खसाहेब कडक इस्त्रीच्या पँटीत गुडघ्यांवर टेकले आणि आपल्याच खोलीच्या टेबलाखाली रांगत गेले. काचेच्या भिंतीबाहेर तोपर्यंत अर्धा कारखाना जमला होता. भिंत त्यासाठीच बांधली होती.

त्या वेळी पर्यवेक्षकांनी आयुष्यातलं एकमेव धाडस केलं. त्यांनी खिशातून निकालाचा कागद काढून परीक्षकांच्या हाती दिला. नंतर घरी जाऊन ते दोन दिवस तापाने आजारी पडले असं म्हणतात.

परीक्षकांच्या अहवालात एक वाक्य होतं, तपासणीसाठी कर्मचाऱ्यांना टेबलाखाली जावं लागतं. मागणी महिनाभर अडली. मग निम्मे दिवे निघाले, उरलेल्यांवर जाळ्या बसल्या. टेबलांवर मंद रंगाचं जाड कापड आलं, काचेला पडदे, आणि प्रत्येकीच्या टेबलावर सुताराने केलेलं, आतून काळं रंगवलेलं, बाजूला दिवा असलेलं लाकडी घर. लख्खसाहेबांनी या सगळ्याला 'सौम्य प्रकाश योजना' असं नाव दिलं आणि दोन ठिकाणी त्यावर भाषण करून आले. भाषणात खुराड्याचा, टेबलाचा किंवा कुठल्या बाईचा उल्लेख नव्हता. बदलीचा हुकूम कोणी रद्द केला नाही, नुसता विसरून गेले. भिंगबाई आपल्या जागेवर बसत राहिली. ताकीदपत्र मात्र तिच्या फायलीत तसंच होतं. तिने दोनदा विचारलं. दोनदा उत्तर आलं, विषय संपलाय.

पुढच्या वर्षी साहेबांनी स्वतःसाठी कोपऱ्यावरची नवी खोली करून घेतली. मागची सबंध भिंत काचेची. खुर्चीमागे आकाश, समोर कॉम्प्युटर. भिंगबाई एका कागदावर सही घ्यायला गेली तेव्हा साहेब कॉम्प्युटरच्या पडद्यापाशी नाक नेऊन, कपाळाला आठ्या घालून बसले होते. टेबलावर डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी होती, आपल्याच कारखान्याची. कॉम्प्युटरच्या काचेत मागचं सगळं आकाश उतरलं होतं. तिने एका नजरेत ओळखलं.

"डोकं दुखतं का साहेब?"

"दोन महिने झाले. चष्मा बदलला, काही फरक नाही."

"का दुखतं ते मला माहीत आहे," भिंगबाई म्हणाली. "ते ताकीदपत्र मागे घ्या, लेखी. मग सांगते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. त्यांनी आणखी दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी पत्र टाइप करून तिच्या टेबलावर पाठवलं. भिंगबाईने ते आपल्या लाकडी घरात, बाजूच्या दिव्याखाली धरून वाचलं. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या आणि एका ठिकाणी तारीख चुकली होती. तिने तिन्हींवर पेन्सिलीने गोल केले आणि पत्र परत पाठवलं. नीट टाइप होऊन, सही होऊन आलं तेव्हा ती वर गेली आणि मागचं आकाश बाजूला यावं म्हणून टेबल काचेच्या भिंतीला काटकोनात फिरवायला सांगितलं.